शेप्याचं कलम

आळेफाट्याला नाशिकची गाडी लागली तेव्हा दादांनी आधी मला नाही, आंब्याचं क्रेट चढवलं. टोमॅटोचं पिवळं प्लॅस्टिकचं क्रेट, आत भाताचा पेंढा आणि पेंढ्यात आमच्या झाडाचे पाडाला आलेले आंबे. दादा म्हणजे माझे वडील. ते एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे त्या मार्गावरचा प्रत्येक माणूस त्यांच्या ओळखीचा. गाडीच्या कंडक्टरला ते म्हणाले, "भाऊ, लई लांब जायाचंय ह्यांना, गुजरातंला. हे क्रेट पायापशीच ऱ्हाऊ दे. डिकीत नगं." माझी काळजी घे असं मात्र त्याला सांगितलं नाही. ते सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं, हे मला आज कळतं. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सुनील, माझा नवरा, दोन बॅगा सांभाळत मागं अवघडून उभा होता.

आई खिडकीचा गज धरून होती. ती पेठची. आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं पेठ. लग्न होऊन पिंपळवंडीत आली त्या दिवसापासून आमच्या वस्तीत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नाही. बाहेरगावाहून आलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून ओळखायचं, ही आपल्याकडची पद्धत. त्यामुळं ती सगळ्यांची पेठकरीण. सासू म्हणायची, जावा म्हणायच्या, दादाही म्हणायचे. गाडी हलली तशी ती म्हणाली, "रडू नगं. कुठं बी जा, पळसाला पानं तीनच." आणि स्वतःच पदर तोंडाला लावला.

संगमनेर येईपर्यंत सगळी गाडी शेपूच्या वासानं भरून गेली. मागच्या सीटवरची बाई विचारायला लागली, "कुणी शेपूची भाजी बांधून आणलीय का वं?" मी मान खाली घातली. सुनील तर खिडकीबाहेर असा पाहत बसला, जणू ही बाई आणि हे क्रेट त्याच्या ओळखीचंच नाही. नाशिकला गाडी बदलली. घाटात मला डुलकी लागली आणि कंडक्टरनं "पेठ, पेठ" असा पुकारा केल्यावर मी ताडकन उठून बसले. ते पेठ वेगळं, नाशिकच्या पलीकडचं, गुजरातच्या वाटेवरचं. आईचं माहेर केव्हाच उलट्या दिशेला राहिलं होतं.

हे लिहितेय ते पिंपळवंडीत, येडगावात राहिलेल्या तुम्हा घरच्यांसाठी. आणि माझ्यासारखे जे चाकण, भोसरी, सुरत करत पांगले त्यांच्यासाठीही. जुन्या माणसांना शेप्या आठवत असेल. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते.

कलमी आंब्याला नाव नर्सरीतूनच मिळतं. कोयीपासून उगवलेल्या रायवळ झाडाला ते मिळायला फळ धरावं लागतं. आपल्या वस्तीत रीत अशी होती, की नव्या झाडाचं पहिलं फळ आढीत घालायचं, पिकलं की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढं ठेवायचं. त्यानं खायचं आणि झाडाचं नाव सांगायचं. तोवर दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. साखरेसारखा गोड तो साखऱ्या, खोबऱ्यासारखा लागणारा खोबऱ्या. कधी चवीवरून नाव, तर कधी झाड आणणाऱ्या माणसावरून. आमच्या आजोबांचं स्वतःचं नाव धोंडू होतं, आणि ते त्यांच्या आईबापांनी काही हौसेनं ठेवलेलं नव्हतं. धम्मात आल्यावर त्यांनी आधी पोरांची नावं बदलली. दादांचं गौतम केलं. मग हाडकीत, म्हणजे पूर्वी आपल्या लोकांना वतनापोटी मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यात, आपसूक उगवलेल्या आंब्याला पहिलं फळ धरलं, तेव्हा सगळ्या वस्तीला बोलावून त्यांनी ते खाल्लं आणि शेपूसारख्या वासावरून त्याचं नाव शेप्या ठेवलं. दादा सांगायचे, की आजोबा त्या दिवशी म्हणाले होते, "आपलं नाव दुसऱ्यानं ठिवलं. ह्याचं आपुन ठिवू."

आता खरं सांगायचं तर शेप्या काही फार मोठा आंबा नव्हता. दोराळ, कोय मोठी, गर बेताचा, आणि तो वास. सुनीलनं पहिल्यांदा चोखला तेव्हा म्हणाला, "आंबा खातोय का भाजी?" पण ज्यांच्या तोंडी तो लहानपणापासून होता त्यांना हापूस गुळमट लागायचा. मी त्यातलीच.

वलसाडजवळच्या केमिकल कंपनीत सुनील कामाला. सुरुवातीला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. मी नर्सिंग केलेलं, त्यामुळं मलाही इथल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. हळूहळू जिभेला नवे शब्द चिकटले. आंब्याची केरी झाली. वाडी म्हटलं की मला आपली घरं दिसायची, इथं वाडी म्हणजे आंब्या-चिकूची बाग. मी वंदनाबेन झाले, आणि ओळख सांगताना 'पूनावाळा बेन'. मी पुण्यात एक दिवसही राहिले नव्हते, पण आपला जुन्नर तालुका कुठं आहे ते किती जणांना समजावणार.

बऱ्याच वर्षांनी, पोरं शाळेत जायला लागल्यावर, आम्ही गावाबाहेर प्लॉट घेतला आणि घर बांधलं. घर बांधून झाल्यावर मागं आणि बाजूला जी जागा उरली ती पाहून मला पहिल्यांदा वाटलं की आता आपण इथले झालो. झाडं कुठली लावायची यावर आमच्याकडं जितकी चर्चा झाली तितकी फरशीवर झाली नव्हती. मी रोज फोन करायची आणि दादा तिकडून निकाल द्यायचे. चिकू लावायचा ठरला. शेजारच्या कोकिलाबेननी कालीपत्ती सांगितला, दादांनी मान्य केला, कारण त्यांना चिकूतलं काही कळत नव्हतं. लिंबू कागदीच, त्यावर वाद नव्हता. सीताफळात सुनीलला कमी बियांचं गोल्डन हवं होतं. दादा म्हणाले, "सीताफळ इकत घ्यायचं? आरं, ते बांधावर न सांगता येतं. पावणं लई शिकल्यालं दिसत्यात." पावणं म्हणजे जावई. फोन स्पीकरवर होता, आणि पावण्यांनी गोल्डनच आणलं.

राहिला आंबा. जागा एकाच झाडाची. सुनील म्हणाला केसर. कोकिलाबेन कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाल्या, "वंदनाबेन, केसर ज वावो ने." त्यांच्या बापाची मोठी वाडी, त्यांचा शब्द या गल्लीत शेवटचा. मी म्हटलं, शेप्या. घरात सगळे माझ्याकडं पाहायला लागले. एकाच झाडाची जागा आणि त्यात दोराळ, शेपूच्या वासाचा रायवळ? मला वाटलं निदान दादा तरी माझ्या बाजूनं बोलतील. तर ते म्हणाले, "कशाला? शेप्या हाय की हितं. येशील तवा खा. तिथं केसर लाव, पोरं खातील." मी हट्ट सोडला नाही. का सोडला नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की घराभोवतीचं बाकी सगळं विकत आणलेलं होतं. एक तरी गोष्ट घरून आलेली हवी होती.

शेप्याची कोय लावून शेप्या येत नाही. कोयीतून काय निघेल ते कुणाच्या हातात नसतं. तोच आंबा हवा तर त्याच झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायला लागते. म्हणून नर्सरीवाल्या रमणभाईंकडून मी एक साधं रोप आणलं. रसवाल्यानं टाकलेल्या कोयींच्या ढिगातून उगवलेलं, कुणाच्या झाडाचं ते कुणालाच माहीत नाही. ते खुंट म्हणून खड्ड्यात लावलं. वर्षभरानं दादांनी शेप्याच्या काड्या तोडल्या, ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या सोपटात गुंडाळल्या, आणि आम्ही त्या मांडीवर घेऊन आलो. रमणभाईंनी खुंटाचा शेंडा उडवला, चीर दिली, काडी बसवली, प्लॅस्टिकची पट्टी आवळली. काही दिवसांनी काडीला तांबूस कोवळी पानं फुटली. दादांनी फोनवर बजावलं, "खालनं खुंटाची फूट येईल. ती खुडत जा. न्हाईतर ती वरच्याला जगू द्यायची न्हाई." मी रोज सकाळी चहाच्या आधी वाकून पाहायची आणि खालचा कोंभ दिसला की नखानं खुडायची.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आई आजारी पडली. नारायणगावच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुण्याला, आणि पुन्हा घरी. मी नर्स. किती जणांना मी धीर दिलाय, पण आईच्या उशाशी बसल्यावर मला काही सुचत नव्हतं. शेवटी शेवटी ती एकदा म्हणाली, "तुझं झाड लागलं का गं?" मी म्हटलं, "लागलं." ती म्हणाली, "बरं झालं." ती गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत आम्ही पिंपळवंडीतच राहिलो. इकडं कोकिलाबेन झाडांना न चुकता पाणी घालत होत्या.

परत आलो तेव्हा खड्ड्यातलं रोप मांडीएवढं उंच झालं होतं. हिरवंगार, तरतरीत. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. फोटो काढून दादांना पाठवला. त्यांनी फोन केला. "लागला म्हणायचा," एवढंच बोलले.

पुढं दोन वर्षांनी गावच्या शेप्याला भिरूड लागलं. खोड आतून पोखरत गेलं. दादांनी भोकांत औषध सोडलं, बोळे घातले, पण झाड एका उन्हाळ्यात वाळून उभं राहिलं. आता शेप्या फक्त माझ्या अंगणात होता. आणि दादा त्या घरात एकटे होते. एकदा मोरीत पाय घसरून पडले आणि धाकटे चुलते, आमचे अण्णा, सहज डोकावेपर्यंत तसेच पडून राहिले. मी म्हटलं, "दादा, आता इकडं या." ते म्हणाले, "माझं तिथं काय हाय?" मी भांडले, रडले, सुनील जाऊन हात जोडून आला. शेवटी ते म्हणाले, "शेप्याला फळ धरलं की येतो." ती टाळाटाळ आहे हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. पण शब्द दिला होता, आणि माझे वडील शब्द मोडणारे नव्हेत. तेव्हापासून माझा सगळा जीव त्या झाडात अडकला.

कलमी झाड तीन-चार वर्षांत मोहरतं. कोकिलाबेननी आमच्यानंतर लावलेल्या केसरला फळ आलं, आमच्या झाडाला नाही. मी खत घातलं, मोहर यायला कल्टार का काय ते औषध घालू का म्हणून रमणभाईंना विचारलं. दर फेब्रुवारीला शेंडे तपासायची. दर वर्षी व्हिडिओ कॉलवर दादा आणखी थोडे वाळलेले दिसायचे. "शेप्या उशिराच धरतो," ते म्हणायचे. मला त्या झाडाचा राग यायला लागला होता. एक माणूस तिकडं एकटा म्हातारा होतोय आणि हे नुसती पानं वाढवत बसलंय.

यंदा मोहर आला. फोटो पाठवला तर म्हणाले, "मोहर करपतो बी. फळ धरू दे." फळंही धरली, अगदी थोडी. मी ती उतरवून आढीत घातली आणि कुणाला हात लावू दिला नाही. मे संपता संपता दादा आले. एक पिशवी, आत दोन जोड कपडे. पिशवी पाहूनच मला कळलं की हे राहायला आलेले नाहीत, शब्द पाळायला आलेत.

सकाळी ते झाडाखाली गेले. मी चहा घेऊन मागोमाग. त्यांनी एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बुंध्याशी उकिडवे बसले आणि काटकीनं बुंध्यालगतचा पाला-माती बाजूला सारायला लागले. जमिनीपासून वीतभरावर, बुंध्याच्या एका अंगाला, सालीनं अर्धाअधिक गिळलेला एक काळा वाळका खुटका होता. त्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीचं टोक अजून दिसत होतं.

"कलम गेलं व्हतं, बाई," दादा म्हणाले. "हे झाड खुंटाचं हाय. खालची फूट."

मी पट्टीकडं पाहत राहिले. इतकी वर्षं रोज या झाडाजवळून जात होते. कधी गेलं, हे मला विचारायची गरज नव्हती. ज्या दिवसांत मी खालचा कोंभ खुडायला इथं नव्हते, त्याच दिवसांत. दादाही तेच मनात मांडत असावेत, कारण ते हळूच म्हणाले, "तुझी आई गेली तवा." मला मोठ्यानं रडू आलं. शेप्या कुठंच उरला नव्हता. आई गेली, झाड गेलं, आणि आम्ही त्याच्या नावानं कुणाला तरी पाणी घालत होतो. दादांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग उठताना विचारलं, "उद्या नाशिकची गाडी किती वाजता हाय?"

दादांनी पिशवीतले कपडे बाहेर काढलेच नव्हते. मला वाटत होतं त्यांचे पाय धरावेत, पण धरून सांगणार काय? राहा म्हणायला माझ्याकडं जे एक कारण होतं ते खोटं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळ करून ओट्यावर बसले होते. कोकिलाबेन भिंतीवरून डोकावल्या. झाडाला पहिल्यांदा फळ आलेलं त्यांना माहीत होतं. कौतुकानं त्यांनी विचारलं, "दादा, आ केरीनुं नाम शुं छे?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. तेवढ्यात दादा म्हणाले, "अजून ठिवलं न्हाई, बाई."

आणि माझ्याकडं वळून, "आढी कुठाय?"

मी एक पिकलेला आंबा आणून त्यांच्यापुढं ठेवला. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. कोकिलाबेनही भिंतीपलीकडं थांबल्या. दादांनी तो दोन्ही तळव्यांत हळूहळू घोळून मऊ केला, देठ काढला, चिकाचा पहिला थेंब पिळून टाकला आणि चोखायला लागले. कोय पांढरी होईपर्यंत चोखला. शेपूचा वास नव्हता. पिवळा रस त्यांच्या मनगटावरून ओघळत होता आणि डोळे भरून आले होते.

"पयल्यांदा आंबट लागतो," ते म्हणाले. "गोडी मागनं येती." मग म्हणाले, "हिला पेठकरीण म्हणा."

सुनीलला राहवलं नाही. "दादा, आंब्याला बाईचं नाव?"

"आणणाऱ्याचं ठिवत्यात की, पावणं. हिला कुणी आणली? कुणाच्या झाडाची, ठावं न्हाई. ती गेली तवा ही आली. अन् परक्या ठिकाणी येऊन तग धरला." त्यांनी कोय बशीत ठेवली. "खावा आता."

मग आम्ही सगळ्यांनी खाल्ला. एक कोकिलाबेनना भिंतीवरून दिला. मला तो आंबट लागला, मग गोड लागला, आणि रडू आवरत नसल्यामुळं खारटही लागला. त्या दिवशीची नाशिकची गाडी गेली. संध्याकाळी पाहिलं तर दादांचे कपडे दोरीवर वाळत होते.

मी तेव्हापासून आईचा विचार करतेय. पिंपळवंडीत तिनं सगळा जन्म काढला. ते घर तिनं उभं केलं, तिथंच डोळे मिटले, पण नाव शेवटपर्यंत पेठचं राहिलं. त्याचं तिला कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. मला मात्र 'पूनावाळा बेन' म्हटलं की उगाच बोचायचं, आपण अजून परकेच म्हणून. आता बोचत नाही. जिथून आलो ते नावात राहतं आणि जिथं रुजलो तिथं सावली पडते. घर म्हणजे मला आता ही दोन्ही मिळून वाटतं. आपल्या माणसानं दिलेलं नाव असलं की पुरे. शेप्या परत येणार नाही. त्याची जागा पेठकरणीनं घेतली असंही मी म्हणणार नाही. तो होता, आणि ही आहे.

चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. "दादा, कधी येताय? घर किती दिस बंद ठिवायचं?"

"किल्ली तुझ्यापशीच ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "मी न्हाई येत इतक्यात. हितं पेठकरीण हाय."

पलीकडनं अण्णांनी दबक्या आवाजात विचारलं, "दादा, बरं हाय ना तुमचं?"

दादांनी फोन माझ्या हातात दिला. "तू सांग त्याला," म्हणाले, आणि खुरपं घेऊन झाडाला आळं करायला बाहेर गेले. मला फोनवर सांगता येईना, अण्णा. म्हणून हे लिहिलं.